दुसऱ्या गावची वेळ

ऐतिहासिक सिनेमातला माणूस शहाणा आहे की अडाणी, हे त्यानं तोंड उघडल्याबरोबर कळतं. तो काय म्हणतो ते ऐकायचीही गरज नसते. 'किंबहुना' आणि 'निरीक्षणांती' सुरू झालं की समजावं, हा बुद्धीच्या बाजूचा. त्याच्यावर उजेडसुद्धा जरा जास्त पडतो. आणि 'म्या', 'रं', 'व्हय जी' ऐकू आलं की समजावं, ही श्रद्धेची बाजू, आता कुठून तरी दगड येणार. हे सगळं इतकं ठरून गेलेलं आहे की मी, धुळ्याच्या हायस्कुलात पोरांना मराठी शिकवणारी बाई, असे सिनेमे डोळे पुसत बघून यायचे आणि मला त्यात काही खटकायचं नाही. खटकलं ते थेट माझ्या मायच्या तोंडातून पडद्यावर दुसऱ्याच बाईचा आवाज निघाला तेव्हा. त्याला आता बरीच वर्षं झाली. राग गेलेला नाही, आणि तो जावा असं मला वाटतही नाही.

मायबद्दल आधी सांगते, म्हणजे राग कशाचा ते कळेल.

आमचं गाव शिंदखेडा तालुक्यात, तापीच्या काठावर. माय शाळेत गेली नव्हती. देवाधर्माचं तिचं सगळं चोख. सोमवार धरायची, श्रावणात कानबाई देवीच्या रोटांचे गहू दुसऱ्या कुणाला निवडू द्यायची नाही, आणि ग्रहण तर असं पाळायची की वेध लागल्यावर घरात मोठ्या माणसाच्या घशाखाली पाण्याचा थेंब उतरत नसे. पण पाळायचं तर वेळ माहीत पाहिजे. ग्रहण लागणार कधी, सुटणार कधी, हे गावातले जोशीबुवा पंचांगात बघून सांगत, आणि माय घरी येऊन ते मला भिंतीवर कोळशानं लिहायला लावी. पुढचं काम तिचं. वेळ जवळ आली की ती झाडाखाली जाऊन उभी राहायची आणि जमिनीकडे बघायची. पानांच्या फटींतून खाली उन्हाचे गोल गोल ठिपके पडतात ना, ते ग्रहण लागलं की एका बाजूनं कापले जातात. मग झाडाखालची सगळी जमीन बारीक बारीक चंद्रकोरींनी भरून जाते. हे तिला तिच्या मायनं दाखवलं होतं. वर बघायचं नाही, खाली बघायचं. ठिपका कापला गेला की लागलं, पुन्हा गोल झाला की सुटलं. जोशीबुवांच्या शब्दावर तिचा विश्वास होता, पण तो ताडून बघितल्यानंतरचा.

ऐंशी सालच्या फेब्रुवारीत भर दुपारी मोठं सूर्यग्रहण लागलं, तेव्हा मी चौदा वर्षांची होते. त्याच सकाळी शेजारची सून अडली. पहिलटकरीण, दोन दिवस कळा देऊन थकलेली, आणि सुईणीनं हात टेकलेले. शिंदखेड्याच्या दवाखान्यात न्यायला हवं होतं. पण गर्भार बाईला ग्रहणात बाहेर कशी काढायची, म्हणून सगळं घर ओटीवर बसून राहिलं होतं. जोशीबुवा म्हणाले, सुटल्यावर न्या. मायनं त्यांना फक्त लागायची वेळ विचारली, मनाशी हिशेब केला आणि गाडी जुंपायला सांगितली. बायका आडव्या आल्या, तशी ती कडाडली.

"देवले मी समजाडसू. पोटमातला पोरले कोन समजाडी?"

तिनं त्या सुनेच्या पदराला तुळशीचं पान बांधलं, गाडीवर घोंगड्या टाकून आत अंधार केला आणि मला तांब्या घेऊन शेजारी बसवलं. जोशीबुवांच्या वेळेच्या आधी दवाखान्यात पोचू, असा तिचा अंदाज होता. अर्ध्या वाटेवर चिंचेचं मोठं झाड लागतं. तिथं तिनं घोंगडी बाजूला करून खाली बघितलं आणि मलाही दाखवलं. सगळी सावली कोरीकोरींनी भरलेली. सांगितलेल्या वेळेला अजून अवकाश होता.

"जोशीबा चुकना," एवढंच ती म्हणाली, आणि गाडी थांबू दिली नाही.

संध्याकाळी दवाखान्यात मुलगी झाली, आई आणि लेक दोघी सुखरूप. गावात परतल्यावर मायनं आधी डोक्यावरून पाणी घेतलं, मग तोंडात काही न घालता तडक जोशीबुवांचं दार गाठलं.

"जोशीबा, हाऊ कोना गावना वखत सांगा तुम्ही?"

जोशीबुवांनी पंचांग उघडलं. ते काशीचं होतं, काशीचं म्हणून त्यांना त्याचा कोण अभिमान! त्यात वेळही काशीची होती आणि त्यांनी ती जशीच्या तशी आमच्या गावाला वाचून दाखवली होती. म्हाताऱ्यानं दोन्ही कान धरले. पुढे प्रत्येक ग्रहणाला ते आधी वेळ कुठल्या गावची आहे ते बघायचे आणि मग सांगायचे. चूक मानायला त्यांना पंचांगाचं पान उलटण्याइतकाच वेळ लागला होता.

आता कुणी मला सांगावं, यात बुद्धी कोणती आणि श्रद्धा कोणती? दोघी एकाच बैलगाडीत बसून शिंदखेड्याला गेल्या होत्या.

पुढे मी शिकले, जळगावला राहून बी. एड. केलं आणि धुळ्यात नोकरीला लागले. ब्याण्णवच्या सुमारास आमच्या गावाजवळच्या पडक्या दगडी देवळात एका ऐतिहासिक सिनेमाचं शूटिंग ठरलं. शेकडो वर्षांपूर्वीचा एक गणिती, ग्रहण म्हणजे राहूचा घास नव्हे तर सावली आहे असं सांगतो, राजाचे पुरोहित त्याच्यावर उलटतात, आणि भडकलेलं गाव त्याला दगड मारून हाकलून देतं, अशी गोष्ट. मी त्याच गावची आणि वर मराठीची शिक्षिका, हे कळल्यावर दिग्दर्शक शाळेत आले. मला म्हणाले, "बाई, गावकऱ्यांचे संवाद आम्हाला अस्सल अहिराणीत हवेत. तेवढं करून द्या." मी हरखून गेले. आमची अहिराणी पडद्यावर येणार! त्या रात्री मी आनंदानं कागद उघडले आणि एकेक संवाद वाचत गेले. 'देव कोपला.' 'गावाचं वाटोळं होणार.' 'मारा, ठेचा त्याला.' सगळेच तसले. गणित्याच्या वाक्यांचा एकही कागद नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी विचारलं, "गणिती कुठला दाखवलाय?"

"इथलाच. याच काठावरचा."

"मग त्याचे संवादही द्या ना, तेही अहिराणीत करून देते."

दिग्दर्शक हसले. माणूस बोलायला मोठा गोड. "बाई, तो शास्त्र सांगतोय. शास्त्र अहिराणीत कसं सांगणार? थिएटरात हशा पिकेल."

म्हणजे एकाच मातीतली माणसं, एकाच नदीचं पाणी प्यालेली, त्यातला शहाणा तेवढा पुस्तकातून बोलणार आणि बाकीचे बठ्ठे आमच्यासारखे. मला हे तिथंच तोंडावर म्हणता आलं असतं. मी मूग गिळून बसले. का, ते सांगायला आजही लाज वाटते. चार वर्षं मी वर्गात हेच करत होते. एखादी पोर 'बाई, मना पेन शे' म्हणाली की तिला उभं करून दहा वेळा 'माझा पेन आहे' म्हणायला लावायची. वहीत 'शे' दिसला की लाल शाईनं खोडायची. शहाणपणाची भाषा वेगळी असते, हे त्या दिग्दर्शकाच्या आधी मीच खेड्यातून येणाऱ्या पोरांना शिकवून ठेवलं होतं. त्याला तरी कोणत्या तोंडानं बोलणार?

शूटिंगला गर्दी म्हणून गावातलीच माणसं घेतली होती. दिग्दर्शकांची नजर मायवर गेली. उन्हानं रापलेला तिचा चेहरा, कपाळभर कुंकू, धारदार नाक. त्यांनी मला बाजूला घेऊन म्हटलं, "या मावशींना एक वाक्य देऊया. दगड मारायच्या आधी गणित्याला शाप देणारी बाई." या माझ्या आई आहेत, हे मी सांगितलं तेव्हा ते आणखीच खूष झाले. मी वाक्य अहिराणीत करून मायला ऐकवलं. ती म्हणाली, "मी असं कसाले बोलू? तो मोजस म्हनीसन तर माले समजस, उपास कव्हय धरना न् कव्हय सोडना."

मोजणाराच हाकलला तर मी पाळू काय, असा तिचा साधा सवाल. मी तो दिग्दर्शकांना सांगितला. त्यांनी मांडीवर थाप मारली. "वा! हेच बोलू दे त्यांना." मायनं एक अट घातली. कॅमेऱ्याचं काही तिला कळत नव्हतं, पण माणसं तिला कळत होती.

"जे मी बोलसू तेच ऱ्हावाले पायजे. मना तोंडमा दुसरं काही घालानं नही."

दिग्दर्शक म्हणाले, "अर्थातच, मावशी." मायनं त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. ती माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, "माय, तुझेच शब्द राहतील. मी आहे ना." मग ती उभी राहिली.

ती बोलली ते मला अजून जसंच्या तसं आठवतं. आधी उपासाचं वाक्य बोलली. मग समोर भरजरी उपरणं घेतलेला नट आकाशाकडे तोंड करून उभा होता, त्याला बघून तिला राहवेना. कॅमेरा चालूच होता. तिनं उजवा हात वर केला, देवळाशेजारच्या झाडाकडे दाखवत म्हणाली, "झाडखाले देखा भाऊ. वर कसाले देखतस, डोया फुटतीन." तो नट गोंधळला, सगळे हसले, दिग्दर्शकांनी टाळ्या वाजवल्या. आवाज टिपणारा माणूस मात्र नदीवरच्या वाऱ्याबद्दल काहीतरी कुरकुरत होता. माझं तिकडे लक्ष गेलं नाही. माझी माय शास्त्र बोलली होती, अहिराणीत बोलली होती, आणि कुणाला हसू आलं असेल तर ते कौतुकाचं, अशी माझी समजूत.

सिनेमा पुढच्या वर्षी धुळ्यात लागला. मी मायला गावाहून बोलावून घेतलं. आमच्या खोलीखाली घड्याळं दुरुस्त करणाऱ्या चाचांचं दुकान होतं. तेही दुकान बंद करून आमच्याबरोबर तीनच्या खेळाला आले. मायनं पेटीतलं ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं.

तिचा प्रसंग आला. पडदाभर मायचा चेहरा. तोंड उघडलं आणि मुंबईतल्या कुठल्याशा बाईचा किनरा आवाज घुमला, "पाप्या, द्येवाला मोजतुयास व्हय रं? तुजं वाटुळं हुईल!"

मला काही कळायच्या आत मायचा हात वर गेला. तोच हात, झाडाकडे दाखवणारा. पुढच्याच क्षणी एक दगड भिरभिरत आला आणि गणित्याच्या कपाळावर बसला. थिएटरात शिट्ट्या पडल्या. 'मार गं म्हातारे!' कुणीतरी ओरडलं, हशा पिकला. गणिती रक्त पुसत म्हणाला, "हे अज्ञ जनहो, सत्य तुमच्या पाषाणांनी मरणार नाही," आणि वाजंत्री सुरू झाली.

'व्हय रं' आमच्याकडे कोण म्हणतं हो? शिरपूरपासून चोपड्यापर्यंत पालथं घाला, 'म्या' आणि 'रं' बोलणारी एक बाई सापडायची नाही. ही सिनेमावाल्यांच्या कारखान्यात बनलेली बोली. अडाणी माणसाला घालायचा एक तयार सदरा, कोल्हापूरच्याला तोच, नागपूरच्याला तोच, आम्हालाही तोच. वाऱ्यामुळे आवाज खराब झाला असेल, मान्य. मग दुसऱ्या बाईकडून तिचंच वाक्य म्हणवून घ्यायचं! वाऱ्यानं काय अर्थही उडवून नेला? आणि तो हात? पुरावा दाखवणारा हात घेतला आणि त्याला दगड चिकटवला. तळपायाची आग मस्तकात गेली म्हणतात ते मी त्या खुर्चीत अनुभवलं. आणि आगीच्या खाली, शरमेनं पाय गार पडले होते.

माय पडद्याकडेच बघत होती. हळूच म्हणाली, "तोंड मनं शे. बोली कोन ऱ्हायनं?"

मी तिला आवाज कसा बदलतात ते समजावू लागले. तिनं ऐकून घेतलं. गावची सव्वासहाची एसटी लागली होती, तिच्या पायरीवर पाय ठेवताना ती वळली.

"तूच सांगेल व्हतं ना."

रागावली असती तर बरं झालं असतं. नुसती माझ्या शब्दाची आठवण करून दिली आणि खिडकीशी जाऊन बसली.

चाचांनी दुसऱ्या दिवशी मला चहा पाजला. याच सिनेमात सुलतानाचा एक वकील दोन मिनिटं येऊन ओरडून गेला होता. चाचा भिंग डोळ्यावरून काढत म्हणाले, "बाई, पिक्चरमध्ये आमचा माणूस आला की आधी सुरमा येतो, मग आवाज चढतो, मग तलवार. घड्याळ दुरुस्त करणारा एकबी येत नाही." ते दिवसातून पाच वेळा नमाजाला उठत आणि मधल्या वेळात लोकांच्या घड्याळांतला सेकंदाचा फरक काढत. त्यांच्या आयुष्यात या दोन गोष्टींचं कधी भांडण झालेलं मी पाहिलं नाही. भांडण पाहिजे असतं ते संवाद लिहिणाऱ्याला. मग तो एकाच्या तोंडात सगळी बुद्धी घालतो, दुसऱ्याच्या तोंडात सगळी श्रद्धा, आणि भाषा अशी वाटून देतो की ऐकणाऱ्यानं कुणाच्या बाजूला बसायचं ते आधीच ठरावं.

मी दिग्दर्शकांना चार पानी पत्र लिहिलं, अगदी शुद्ध, व्याकरणाला धरून, एक काना इकडचा तिकडे नाही. उत्तर आलं नाही. कामानिमित्त जळगावला गेले होते तेव्हा सिनेमाच्या वितरकाचा माणूस गाठला. तो म्हणाला, "बाई, आम्ही पेट्या उतरवतो आणि पेट्या चढवतो. पेटीत कोण काय बोलतं, आम्हाला काय ठाऊक?" निदान तो खरं बोलला.

सिनेमा आठवड्यात उतरला. पण तेवढ्यात जे व्हायचं ते झालं. गावातल्या लोकांनी दोन दिवस चेष्टा केली, 'अक्का, दगड कुठे ठेवला?' वगैरे, आणि विसरून गेले. ते तिला ओळखत होते. न ओळखणाऱ्यांचं काय? आमच्या गावच्या आरोग्य उपकेंद्रात त्याच सुमारास एक नवी नर्सबाई आली होती, शहरातली. ऐंशी सालापासून गावात बाळंतपण अडलं की सासवा मायला बोलवायच्या आणि माय त्या सुनेला दवाखान्यात घेऊन जायची. घाबरणाऱ्या घरांना दवाखान्याच्या दारापर्यंत आणणारी तीच होती. एकदा ती अशीच एका पोरीला उपकेंद्रात घेऊन गेली, तर नर्सबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, "तुम्ही त्या पिक्चरमधल्या ना? तुमच्यासारख्या बायकांमुळेच तर या पोरी मरतात. बाहेर थांबा."

माय बाहेर थांबली. त्यानंतर तिनं जाणंच सोडलं. बायका बोलवायला आल्या की म्हणायची, "ती बाई माले पाहीसन हासस," आणि आपल्या कामाला लागायची. मी गावी गेले तेव्हा मला हे शेजारणीकडून कळलं. मी तणतणत उपकेंद्रात निघाले होते, तर मायनं हात धरून बसवलं. दोन वर्षं तिनं कुणाच्या बाळंतपणाला पाऊल टाकलं नाही. दुसऱ्याच्या आवाजानं माझ्या मायचं गावातलं काम काढून घेतलं, आणि तो आवाज तिच्या तोंडापर्यंत मी नेला होता.

पंच्याण्णवच्या दिवाळीत सकाळी पुन्हा सूर्यग्रहण आलं. मी सुट्टीला गावीच होते. धुळ्याहून कुठल्या तरी विज्ञान मंडळाची तरुण मुलं ग्रहण दाखवायला आली, काळे चष्मे आणि फलक घेऊन. हेतू चांगला होता, मी नाही म्हणत नाही. त्यांचा म्होरक्या ध्वनिक्षेपकावरून बोलू लागला. "ग्रामस्थहो, भीतीचा त्याग करा, निरीक्षण करा." अगदी सिनेमातल्या गणित्याच्याच सुरात. दाराशी उभ्या मायकडे त्याचं लक्ष गेलं आणि त्यानं तिला ओळखलं. हसून म्हणाला, "मावशी, आज दगड मारणार नाही ना?"

पोरंसोरं खिदळली. मी पुढे झाले, पण मायनं मला हातानंच मागे सारलं. तिचा उपास होता, डोक्यावर पदर होता, कनवटीला तुळशीचं पान होतं. ती त्याला म्हणाली, "पोऱ्या, तुना चष्मामा एकच जन देखस. आठे ये. आठे बठ्ठा गाव देखी ऱ्हायना."

दिवाळीसाठी आमची भिंत नुकतीच चुन्यानं पोतारली होती. सकाळचं तिरपं ऊन निंबाच्या पानांतून येऊन त्या पांढऱ्या भिंतीवर पडलं होतं, आणि भिंतभर कोरी हलत होत्या, शेकडो. तो मुलगा बघत राहिला. मग त्यानं आपल्या सगळ्या मुलांना हाका मारल्या. कुणी फोटो काढले, कुणी वहीत लिहून घेतलं. गाव भिंतीपुढे जमलं. नर्सबाईही आल्या, मागे उभ्या राहून बघितलं आणि निघून गेल्या. माय एका बाजूला, कोरी पुन्हा गोल कधी होतात त्याची वाट बघत. मी हातातल्या घड्याळावरून वेळ भिंतीवर कोळशानं लिहिली, लहानपणीसारखी. नव्या चुन्यावर कोळसा लावला म्हणून ती ओरडली नाही.

दोनतीन दिवसांनी पेपरात बातमी आली. मायनं मला वाचायला बसवलं. मी मथळा वाचला आणि थांबले.

"बठ्ठं वाच," ती म्हणाली.

मी वाचलं. अंधश्रद्धेच्या विळख्यातील ग्रामस्थांना कार्यकर्त्यांनी झाडाच्या सावलीतून भिंतीवर पडणाऱ्या प्रतिमांच्या साहाय्याने ग्रहण समजावून सांगितले. एका वृद्धेचाही विरोध मावळला. ग्रहण अमुक वाजता लागले, तमुक वाजता सुटले. इतकंच. मी पेपर खाली ठेवला. मायनं विरोधाबद्दल विचारलं नाही, कार्यकर्त्यांबद्दलही नाही.

"वखत बरोबर लिखा का?"

मी भिंतीकडे बघितलं. जुळत नव्हता. मग मागच्या खिळ्यावरचं कॅलेंडर उलटलं, त्यात मुंबईसाठी म्हणून दिलेले आकडे होते, आणि पेपरात तेच उतरवले होते.

"नही माय," मी म्हटलं. "मुंबईना शे."

तिनं कपाळाला हात लावला. भिंतीसमोर उभं राहून, वह्या-घड्याळं घेऊन बघणारी माणसं, आणि वेळ दुसऱ्या गावची! "जोशीबानी तरी चूक मानी लिधी व्हती," ती म्हणाली. "यासले लिख."

पेपरवाल्यांना पत्र लिहायला मी कागद घेतला. या वेळी माझं शुद्ध मराठी बाजूला ठेवलं. ती सांगत गेली, मी तिच्याच बोलीत लिहीत गेले. भिंत तिची, झाड तिचं, हे तिच्या मायनं तिला दाखवलेलं, वेळ कोळशानं लिहिलेली अशी, पेपरातली चुकलेली. शेवटी तिनं न विचारता सिनेमाचंही घातलं. तो हात झाडाकडे दाखवत होता, दगड तिनं मारलेला नाही. मी पत्र वाचून दाखवलं. तिनं पुन्हा वाचायला लावलं. मग उठून तिनं शेजारच्या दारात हाक मारली आणि त्यांच्या नातीला बोलावून आणलं. ऐंशी सालच्या ग्रहणात गाडीतून नेलेल्या सुनेची ती लेक, आता दहावीत होती.

माझ्या हातातून कागद काढून मायनं ताडून वाचायला तिच्या हातात दिला आणि मला म्हणाली, "तुनावर भरोसा शे. पन देखी लेयेल बरं."

पोर एकेक शब्दावर बोट ठेवून वाचू लागली. माय डोळे मिटून ऐकत होती, आणि मी परीक्षेला बसल्यासारखी समोर उभी होते. शेवटच्या ओळीपर्यंत वाचून झाल्यावर तिनं डोळे उघडले.

"बरोबर शे," माय म्हणाली, आणि मग अंगठा पुढे केला.